अंगण खरोखरच वाकडं असतं तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडं’ या म्हणीने मराठी मुलखात जितकी तोंडं बंद केली आहेत, तितकी कुठल्या सरकारी आदेशानेही केली नसतील. फलंदाजाने खेळपट्टीचं नाव काढलं, गायकाने पेटीच्या सुराचं काढलं, विद्यार्थ्याने प्रश्नपत्रिकेचं काढलं, की समोरून ही म्हण आलीच. तिच्यातल्या नाचणारणीची बाजू आजवर कोणी ऐकून घेतलेली नाही. कोणी ओळंबा आणि पाणसळ घेऊन त्या अंगणात गेलं, चारी कोपऱ्यांची पातळी घेतली आणि मग निकाल दिला, असंही काही घडल्याचं ऐकिवात नाही. अंगण सरळच आहे, हे आपण घरबसल्या धरून चाललो. माझं म्हणणं एवढंच आहे की जगात निदान एक उद्योग असा आहे, जिथे ही म्हण उलटी टांगावी लागते. तिथलं अंगण तीस-चाळीस अंशांनी वाकडं असतं, दर पन्नास पावलांवर त्याचा पोत बदलतो आणि कधीकधी ते अख्खंच्या अख्खं सुटून नाचणाऱ्यासकट खाली येतं. या उद्योगाला स्की टूरिंग म्हणतात. अंगणाला नावं ठेवणं ही तिथे पळवाट नाही, तेच तिथलं मुख्य शास्त्र आहे, आणि ज्याला ते नीट जमतं तो संध्याकाळी घरी येतो.

स्कीइंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लिफ्टने वर जाऊन ऐटीत घसरत येणारी रंगीबेरंगी माणसं उभी राहतात. टूरिंगमध्ये लिफ्ट नाही. माणूस स्वतःच्या पायांनी डोंगर चढतो, तोही पायांत स्की घालून, आणि मग यंत्राने दाबून सपाट न केलेल्या बर्फावरून उतरतो. आता स्की ही घसरण्यासाठी केलेली वस्तू. ती घालून चढायचं कसं? तर तिच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. तिचं नाव स्किन. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, हल्ली अंगोरा शेळीच्या लोकरीची किंवा नायलॉनची असते. मांजराच्या पाठीवरून हात डोक्याकडून शेपटीकडे सुळकन जातो. उलटा फिरवला की केस आडवे येतात, आणि पाठोपाठ मांजरही. स्किनचं तत्त्व एवढंच. बुटाची टाच मोकळी ठेवायची, पाय न उचलता पुढे सरकवत राहायचं, वर पोचलं की स्किन टराटरा सोलून जॅकेटमध्ये कोंबायची, टाच बंद करायची आणि निघायचं. बाराशे मीटरची चढण चढायला धडधाकट माणसाला तीन-चार तास लागतात. उतरायला, फोटोंसकट, तासभरही पुष्कळ. पुरणपोळी करणं आणि पुरणपोळी खाणं यांतलं जे प्रमाण, साधारण तेच इथे. या उद्योगातल्या सुधारणाही तक्रारीतूनच झालेल्या दिसतात. फ्रित्झ बार्थेल या ऑस्ट्रियन गृहस्थाला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माँ ब्लाँच्या चढाईत आपल्या अवजड सामानाचा इतका वीट आला की बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या बाइंडिंगमधला जवळजवळ सगळा लोखंडी संसार त्याने काढून टाकला. बुटाच्या टोकाला दोन बाजूंना दोन खाचा आणि त्यांत बसणाऱ्या दोन खिट्या, एवढंच उरलं. आज टूरिंग करणारे बहुतेक लोक या ना त्या रूपात त्याच दोन खिट्यांवर उभे असतात. बार्थेलने सोसायचं ठरवलं असतं, तर सगळे अजून सोशीत राहिले असते.

आता अंगणाकडे वळू. मराठीत आपल्याकडे बर्फ एकच. गोळ्याचा, फ्रीजमधला, मासळी बाजारातल्या पेटीतला आणि मनालीला भाड्याचा कोट नि गमबूट घालून ज्यावर बसून फोटो काढतात तो, सगळ्यांना शब्द एक. यात लाजण्यासारखं काही नाही. पावसाच्या बाबतीत आपण असे कंजूष नाही. भुरभुर, रिमझिम, सर, झड, वळीव, मुसळधार अशी आपली वही भरलेली आहे, कारण पाऊस आपल्या अंगावर पडतो. बर्फ ज्यांच्या अंगावर पडतो त्यांची वही पाहायची तर स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जावं. हे गाव आपल्याकडे दर जानेवारीत सामंजस्य करारांच्या आकड्यांसोबत वर्तमानपत्रांत येतं. करार करणारे परत गेले की तिथे कोटींबद्दल बोलणारं कोणी उरत नाही. मार्चअखेरीला सगळे वरच्या दोन-तीन सेंटिमीटरबद्दल बोलतात. गाव १,५६० मीटरवर, भोवतीची शिखरं अडीच-तीन हजारांची. पहाटे खोऱ्यात निघावं तर बर्फ फरशीसारखा कडक. रात्र निरभ्र असली की बर्फ आपली ऊब आकाशात सोडून देतो, आणि हवा शून्याच्या किंचित वर असली तरीही त्याचा पृष्ठभाग गोठतो. ढगांचं पांघरूण असलं तर गोठत नाही. म्हणून ही माणसं रात्री झोपण्यापूर्वी चांदणं आहे का ते बघतात. यात काव्याचा काही संबंध नाही. त्या फरशीवर स्किनचे केस धरत नाहीत, म्हणून स्कीला धातूच्या दातांची पट्टी लावायची. तासाभराने उन्हातल्या उतारावर वरचा थर विरघळतो आणि स्किन पाणी पिते. मग वाट सावलीत वळते; तिथला बर्फ कोरडा आणि गार. पाण्याने भिजलेली स्किन गोठते आणि तिला बर्फ चिकटू लागतो. आधी बोटभर, मग वीतभर. माणूस नकळत उंच होत जातो. प्रत्येक पायाखाली दोन-तीन किलोंची पांढरी खडाव घेऊन तो थबकतो, एका स्कीच्या कडेवर दुसरीचा तळ खरवडतो, मेण चोळतो, दहा पावलं जातो आणि पुन्हा तेच. जो माणूस या क्षणी अंगणाला नाव ठेवत नाही, त्याच्याबद्दल मला आदर वाटत नाही, काळजी वाटते.

उतरताना या वहीची खरी किंमत कळते. माथ्याजवळ उत्तरेच्या बाजूला पावडर असते, म्हणजे अजून एकमेकांशी ओळख न झालेले सुटे कण. तिच्यात स्की गुडघ्यापर्यंत बुडतात, आवाज येत नाही आणि माणसाला दहा वळणं आपण देवमाणूस असल्याचा भास होतो. अकराव्या वळणाला वाऱ्याने दाबलेला भाग येतो. स्की अचानक वर उचलल्या जातात. त्याच्या पुढे सास्त्रुगी, म्हणजे वाऱ्याने कोरलेल्या लाटा, नांगरलेलं शेत उन्हात वाळून दगड व्हावं तशा. आणि त्याही खाली तो प्रकार, ज्याला जर्मन बोलणारे ब्रुखहार्श म्हणतात: वर पापुद्रा, आत भुसभुशीत. हा पापुद्रा मोठा पाजी असतो. माणूस सरळ जातोय तोवर तो गुमान वजन सोसतो. वळायचं म्हणून एका पायावर भार टाकला की नेमका त्याच क्षणी मोडतो. स्की आत जाते आणि पापुद्र्याखाली एखाद्या रुळावर बसावी तशी सरळच चालू लागते. तिला वळायचं नसतं. पोटरी पापुद्र्याच्या कडेला अडते, शरीराचा वरचा भाग मात्र ठरल्याप्रमाणे वळलेला असतो. अशा वेळी मनुष्य कंबरेत दोन वेगवेगळ्या मतांचा होतो आणि आडवा पडतो. इथे मला विरुद्ध पक्षाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. म्हणीतलं अंगण, वाकडं असो की सरळ, नाच संपेपर्यंत तेच राहतं ना? पहिल्या गिरकीला शहाबादी फरशी, दुसरीला वाळू, तिसरीला पापडाचा थर आणि चौथीला ताज्या शेणाने सारवलेली ओली भुई, असं झालं असतं तर ती म्हण करणाऱ्यानेही तोंड आवरलं असतं. कौशल्याला अर्थ यायला भूमी थोडीफार स्थिर लागते. ब्रुखहार्शवर निष्णात माणूस पडतो आणि त्याच्यामागचा नवखा, वजनाने हलका म्हणून, पापुद्रा न मोडता शांतपणे निघून जातो. नवख्याला यामागचं कारण कळत नाही. तो ते आपल्या गुणांत शोधतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे की खरा वाकबगार माणूस कुठल्याही बर्फावर उतरून दाखवतो; तक्रार करणारे कच्चे. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं नेहमीच चारचौघांत जास्त खपतं. या प्रश्नावर इतिहासात एक विनोदी साक्षीदार उपलब्ध आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल पत्नीच्या क्षयामुळे दावोसला राहत होते. मार्च १८९४ मध्ये ते तिथल्या ब्रांगर बंधूंसोबत मायेनफेल्डर फुर्का ही खिंड ओलांडून स्कीवरून आरोसाला गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात त्यांनी त्याचं वर्णन लिहिलं. एका तीव्र उतारावर स्की काढून, एकत्र बांधून, त्यांची घसरगाडी करायचं ठरलं. डॉयलसाहेबांची घसरगाडी त्यांच्या आधी एकटीच निघून गेली. साहेबांना उरलेला उतार विजारीवर पार करावा लागला. मग त्यांनी दोष कोणाला दिला? बर्फाला नाही, स्वतःलाही नाही; विजारीला. हॅरिस ट्वीड झिजत नाही असं शिंप्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि तो सिद्धान्त शास्त्रीय कसोटीला उतरला नाही, असा त्यांचा निष्कर्ष. एवढं होऊनही आरोसाच्या हॉटेलात नोंदवहीत धंद्याच्या रकान्यात ब्रांगरने त्यांच्या नावापुढे ‘खेळाडू’ अशा अर्थाचा शब्द लिहिला. पुराव्यांवरून गुन्हेगार शोधणाऱ्याच्या निर्मात्याने आरोपी म्हणून कापडाला उभं केलं, याचं मला कौतुक वाटतं. पण तक्रार चुकीच्या दिशेला गेली की ज्ञान वाढत नाही, याचाही हा नमुना आहे. बर्फाबद्दलची त्यांची तक्रार नेमकी असती, तर निदान विजार वाचली असती.

विजारीवर भागतं तिथवर हे सगळं गमतीत घेता येतं. त्यापुढचं समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल. ताटाला तुपाचा हात फिरवून आपण त्यावर वडी थापतो. वडी आळली, कडेने सुटली आणि कोणी ताट कलतं केलं, तर ती तुकड्या-तुकड्यांनी येत नाही; सबंध सरकते. ज्या हिमस्खलनांत माणसं मरतात ती बहुतेक अशी वडीची असतात. सिनेमात दाखवतात तसा आरोळीने सुटलेला, गडगडत मोठा होणारा गोळा नव्हे. वाऱ्याने आणलेला, घट्ट झालेला बर्फ म्हणजे वडी. तुपाचा हात म्हणजे तिच्याखालचा कच्चा थर, आणि तो कसा बनतो हे बघण्यासारखं आहे. नोव्हेंबरात थोडासा बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे कोरडी, कडाक्याची थंडी. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर उणे पंधरा. खालची वाफ वर सरकत राहते आणि वाटेत कणांवर बसून त्यांचे मोठे, कोनदार, एकमेकांना न धरणारे दाणे करते. हातात घेतले तर जाड रव्यासारखे बोटांतून गळतात. मूठ कितीही दाबा, लाडू वळत नाही. त्या रव्यावर जानेवारी-फेब्रुवारीची वडी थापली जाते. वरून सगळं पांढरं, गुळगुळीत, निरागस. तीस अंशांहून तीव्र उतारावर मधोमध एक माणूस येतो. त्याच्या वजनाने रवा एका ठिकाणी बसतो, मग शेजारी, मग सगळीकडे, आणि अर्धा मीटर जाडीची, पन्नासेक मीटर रुंद वडी निघते. हे तपासण्यासाठी टूरर लोक काय करतात? बर्फात खड्डा खणून तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक खांब मोकळा करतात, त्यावर फावड्याचं पातं ठेवतात आणि थापट्या मारतात. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापटीला, कोणत्या थरावर खांब सरकतो ते बघायचं. मंडईत कलिंगड वाजवून घेणाऱ्या, भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या, नारळ कानाशी हलवणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही परीक्षा शिकवावी लागली नसती. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून कलिंगड घेणारा माणूस भाबडा, हे आपण जाणतो. डोंगरही एक प्रकारचा विक्रेताच आहे, आणि माल त्याने वरून फारच सुंदर मांडलेला असतो. कधीकधी तो स्वतःच तक्रार करतो. सपाटीवर पाऊल टाकताच सभोवतालचा बर्फ ‘व्हुम्म’ असा खोल आवाज करून बोटभर खाली बसतो. कच्चा थर पायाखाली मोडल्याची ती पावती. असा आवाज आल्यावर पुढच्या तीव्र उताराकडे जाणाऱ्या माणसाला मराठीत शब्द आहेत, पण ते छापता येत नाहीत.

दावोसमध्ये तर ही कुरकुर सरकारी खर्चाने चालते. तिथे बर्फ आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी स्विस संस्था आहे. वाइसफ्लूयोखच्या डोंगरावर, अडीच हजार मीटरच्या वर, १९३६ मध्ये काही शास्त्रज्ञांनी एका साध्या खोपटात हे काम सुरू केलं, आणि तिथल्या मैदानावर तेव्हापासून हिवाळ्यात रोज बर्फाची खोली मोजली जाते. (आपल्याकडेही लष्कराच्या गरजेपोटी १९६९ मध्ये मनालीत अशी संस्था उभी राहिली.) दावोसची संस्था हिवाळ्यात रोज दोनदा, संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला, हिमस्खलनाचं बुलेटिन काढते. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजीत. या बुलेटिनइतकं शिस्तीत केलेलं गाऱ्हाणं माझ्या वाचनात दुसरं नाही. ‘वातावरण काही बरं नाही’ अशी मोघम भाषा त्यात नसते. कुठल्या दिशेच्या उतारावर, किती उंचीच्या वर, वाऱ्याने आणलेला बर्फ की जुना कच्चा थर, एकट्या माणसाने सुटेल की जास्त भार लागेल, असं कलमवार लिहिलेलं असतं. धोक्याच्या पायऱ्या पाच. युरोपभर ही मोजपट्टी १९९३ पासून एकच आहे. आता मोठी गंमत तिसऱ्या पायरीची. जर्मनमध्ये तिला जे म्हणतात त्याचं मराठी ‘लक्षणीय’ असं करता येईल. पाचातलं तीन म्हटल्यावर माणसाला साठ टक्के वाटतात, प्रथम श्रेणी. प्रत्यक्षात पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटींनी चढतो. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्याच्या साधारण एक तृतीयांश दिवसांना तीनची पायरी असते आणि हिमस्खलनातले जवळजवळ निम्मे मृत्यू त्या दिवसांत होतात. चार आणि पाचला माणूस घरी बसून सूप पितो. दोनला बेफिकीर असतो, पण बहुधा निभावतो. तीनला त्याला वाटतं, एवढी काय लक्षणं दिसताहेत?

आता सगळ्यात भारी आक्षेप. अनुभवी मंडळींना हे सगळं ठाऊक असतं. मग त्यांच्यासमोर नवख्याने कुरकुर करायची म्हणजे आगाऊपणा नाही का? नाही, आणि याला पुरावा आहे. इयन मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातल्या, हौसेने डोंगरात गेलेल्यांच्या ७१५ अपघातांच्या नोंदी तपासल्या. बर्फाचं प्रशिक्षण घेतलेली माणसंही त्यांत सापडली, आणि समोर धोक्याची ढळढळीत चिन्हं असताना सापडली. त्यांना फसवलं कशाने? ओळखीच्या उताराने: इथे तर आपण दरवर्षी येतो. ठरवून टाकलेल्या बेताने: आता इतकं चढून आल्यावर! पुढाऱ्यावरच्या श्रद्धेने: त्यांना कळतं. आधी उमटलेल्या रेघांनी: ते गेले ना? आणि टंचाईने: ताजी पावडर आहे, दुसरा गट पोचायच्या आत. ही यादी वाचताना आपण डोंगराबद्दल वाचतोय की लग्नाच्या वऱ्हाडाबद्दल, असा भ्रम होतो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. डोंगरात तिची सोयरिक त्याहून वाईट घराशी आहे. मोठ्यांसमोर कसं बोलायचं म्हणून पाच जण गप्प राहतात, आणि प्रत्येकाला वाटतं की बाकी चौघांना काही खटकलेलं दिसत नाही. मोठ्यांचं म्हणाल तर मथियास झ्दार्स्की घ्या. आल्प्सच्या तीव्र उतारांवर स्की वळवायची पद्धत ज्याने शिकवली, तो हा ऑस्ट्रियन गुरू पहिल्या महायुद्धात सैनिकांना स्की शिकवत असताना १९१६ मध्ये हिमस्खलनात सापडला आणि अंगभर ऐंशीच्या आसपास ठिकाणी हाडं मोडून घेऊन जगला. बर्फाने त्याची पुस्तकं वाचलेली नव्हती. सुरक्षेची साधनं काढून दाखवून कोणी म्हणेल, यंत्र आहे की! आहे खरं. प्रत्येकाच्या छातीवर ४५७ किलोहर्ट्झवर टिकटिकणारा ट्रान्सीव्हर असतो, पाठीवर फावडं आणि घडीची लांब काठी. पण गाडल्या गेलेल्या माणसाकडे पंधरा मिनिटांच्या आसपास वेळ असतो. त्यात बाहेर काढला तर बहुतेक वाचतात. अर्धा तास उलटला की तिघांतला एक. ही साधनं गाडल्यानंतर कामाची. गाडलं जाण्याआधी कामाला येणारं साधन एकच, आणि ते तोंडात असतं.

अर्थात कुरकुरीच्या कुरकुरीतही फरक असतो, नाहीतर माझ्या युक्तिवादाचा आधार घेऊन उद्या प्रत्येक रडतराऊ स्वतःला हिमतज्ज्ञ म्हणवील. प्रत्येक उतारापाशी मान हलवणारा माणूस गटाला बुलेटिनसारखा उपयोगी पडत नाही. तो भिंतीवरच्या बंद पडलेल्या घड्याळासारखा असतो. तो बरोबर ठरला तरी ते आधी कळायला मार्ग नसतो. ‘बर्फ वाईट आहे’ हे रडगाणं. ‘त्या कडेमागे काल रात्रीच्या वाऱ्याने भर घातली आहे, नकाशात तो पट्टा नारिंगी आहे, म्हणजे पस्तीस अंशांच्या वर, आपण डावीकडच्या रुंद धारेने जाऊ’ ही तक्रार. दुसरी कसोटी वेळेची. नाचून पडल्यावर अंगण वाकडं म्हणणाऱ्याला ती म्हण लागू होते, हे मी आनंदाने मान्य करतो. पाऊल टाकण्यापूर्वी जो अंगण वाकडं म्हणतो, त्याला लागू होत नाही. सगळा आनंद असा तपासत बसण्यात गेला तर डोंगरात जायचं कशाला, असंही कोणी विचारील. त्याला डोंगराच्या एका विचित्र सवयीकडे बोट दाखवावं लागेल. ज्या बर्फाला सगळे शिव्या देतात, तो रात्री गोठून दगड झालेला, दात शिवशिवतील असा खडखडाट करणारा बर्फ, तो सकाळी बहुधा सगळ्यांत विश्वासू असतो. वडीच तळाला घट्ट चिकटलेली. आणि ज्याच्यासाठी माणसं पहाटे चारला उठतात, तो वादळानंतरचा पहिल्या निळ्या सकाळचा मऊ, अस्पर्श बर्फ, त्याच्याइतका दगाबाज कोणी नाही. मधली जागा थोडी आहे. मार्चअखेरीच्या उताराला आग्नेयेकडचं ऊन लागून वरचा थर दोन बोटं मऊ झाला आहे, खालचा अजून कडक आहे, अशी घटका. त्याला फिर्न म्हणतात. लोण्यावरून सुरी फिरावी तशा स्की फिरतात, अगदी सुमार माणसाच्याही. ही घटका तासभर टिकते. साडेनऊला पोचलात तर लवकर, साडेअकराला पोचलात तर स्की मांडीपर्यंत ओल्या लगद्यात. ती नेमकी गाठायची तर आदल्या रात्रीचं आकाश, उताराची दिशा, सूर्याचा कोन आणि गटातल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याचा वेग, या सगळ्यांबद्दल आधीच यथेच्छ किरकिर केलेली असावी लागते. तीत बहुधा त्या सावकाश चालणाऱ्याचा वाटा सर्वांत मोठा असतो.

संध्याकाळी खोऱ्यातल्या उपाहारगृहात ही मंडळी बार्लीचं सूप घेऊन बसलेली असतात. खुर्च्यांच्या पाठींवर ओल्या स्किन वाळत टाकलेल्या, त्यांचा ओल्या कुत्र्यासारखा वास, आणि टेबलावर दिवसभराच्या बर्फाची झडती चाललेली. कोणी माथ्याजवळच्या दहा वळणांबद्दल बोलत नाही. ब्रुखहार्शवर मात्र प्रत्येकाचं स्वतंत्र व्याख्यान होतं, मध्ये सूप निवतं, आणि मग सुपाबद्दल दोन शब्द होतात. पाच वाजले की सगळे एकदम फोनकडे वाकतात. नवीन बुलेटिन आलेलं असतं. उत्तरेकडे २,२०० च्या वर, वाऱ्याने आणलेला बर्फ, पायरी तीन. उद्याला काही चांगला पर्याय आहे का, असं एकजण विचारतो. दुसरा नकाशा उघडतो, दोन बोटांनी मोठा करतो आणि म्हणतो, दक्षिणेकडचा हा उतार अठ्ठावीस अंशांचा आहे, पण तिथे साडेपाचलाच निघावं लागेल आणि खालच्या जंगलात बर्फ कमी आहे, तेव्हा स्की खांद्यावर घेऊन अर्धा तास चिखलातून चालायला लागेल. टेबलाच्या सगळ्या बाजूंनी एकमुखाने नाराजी व्यक्त होते. मग साडेपाचची वेळ ठरते.